गप्पांच्या खोलीसाठी पाच मिनिटं

गळ्यात परक्या पुरुषाचा फोटो अडकवून आपण विधानभवनात शिरणार आहोत, असं तिला सकाळी कुणी सांगितलं असतं, तर तिने आधी त्या सांगणाऱ्याचे डोळे तपासायला घेतले असते. तो तिचा रोजचा उद्योगच होता. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे नंबर काढायची, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. लोकांना दिसत नाही ते आपल्याला बरोबर दिसतं, असा तिचा जरासा समजही होता. समजच तो. पुढे कळेलच.

झालं असं, की बाहेर रिमझिम चालू होती आणि शाळेचे पंधरा-वीस पालक भेटायला येणाऱ्यांच्या फाटकावर रांगेत उभे होते. टेबलावरचा कॅमेरा एकेकाचा फोटो काढायचा आणि शेजारचं यंत्र खर्रकन पास बाहेर टाकायचं. तिची पाळी आली आणि नेमकी तेव्हाच हातातली फाइल निसटली. मागे उभा असलेला उंच माणूस ती उचलायला वाकला, तीही वाकली, दोघं सरळ झाले ते एकमेकांच्या जागी. कॅमेऱ्याने काय ते पाहिलं आणि यंत्राने काय ते छापलं. रक्षकाने दोघांच्या गळ्यात पास अडकवले तेव्हा तिच्या नावावर त्याचा चेहरा होता आणि त्याच्या नावावर तिचा.

"अहो... हा मी आहे," तिच्या पासकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"आणि ही मी!" तिने त्याच्या पासकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "शी! डोळे मिटलेत माझे."

"मिटलेले चांगले दिसतात," तो म्हणाला आणि लगेच गडबडला. "म्हणजे... उघडेही चांगलेच असतील. मी अजून नीट पाहिले नाहीत."

तिने डोळे वर करून पाहिलं. नीट. तो फाइलवरचं पाणी बाहीने पुसायला लागला.

रक्षकाला मात्र ह्या कशातच रस नव्हता. "ओ दादा, ओ बाई, मागे रांग बघा केवढी आहे! नवीन पास निघायचा नाही. दोघं एकत्र आत जा, एकत्र बाहेर या. एकटं कुणी आलं तर फाटक उघडणार नाही, आधीच सांगतो."

आता हे पालक इथे कशाला आले होते, तेही सांगायला हवं. त्यांची मुलं ज्या सरकारी शाळेत होती, तिथे आठवड्यातून दोन दिवस एक समुपदेशक यायच्या. तो शब्द काही मुलांच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलं त्यांना गप्पांच्या ताई म्हणायची आणि जिन्याखालच्या त्यांच्या लहानशा खोलीला गप्पांची खोली. नव्या अंदाजपत्रकात सरकारी शाळांच्या निधीला कात्री लागणार होती आणि पहिला काप बरोबर त्या खोलीवर पडणार होता. अकरा शाळांना मिळून एकच ताई, म्हणजे ह्या शाळेच्या वाट्याला महिन्यातून जेमतेम दोन दिवस.

इतर पालकांना ती बातमी वाईट वाटली होती. तिच्या मात्र पायाखालची जमीन सरकली होती. तिची चिंगी अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी चिंगीचे बाबा दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात निघून गेले आणि तेव्हापासून चिंगीचा डबा शाळेतून जसाच्या तसा परत यायला लागला. पोरगी बोलेना, हसेना, नीट जेवेना. गप्पांच्या खोलीत वर्षभर बसून बसून आता कुठे निम्मा डबा संपण्यापर्यंत मजल गेली होती. ती खोली बंद झाली, तर आपली मुलगी पुन्हा आपल्या हातून निसटेल, ह्या भीतीने तिला घास गोड लागत नव्हता.

पालकांच्या पुढारी होत्या गणिताच्या बाई. त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि आता नात तिथे शिकते म्हणून पालक. विधानभवनाच्या लांब ओसरीत सगळ्यांना गोळा करून त्यांनी वर्गात पट्टी मारावी तशी हातातली छत्री बाकावर आपटली.

"गेल्या वर्षी आपण आलो होतो. प्रत्येक जण आपल्या पोरासाठी रडला. आमदारांचा सहायक मागून काय म्हणाला, आठवतंय? 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.' म्हणून ह्या वर्षी नियम असा, की स्वतःच्या मुलाबद्दल कुणीही चकार शब्द काढायचा नाही. जोड्या लावायच्या. प्रत्येकाने जोडीदाराच्या मुलाची गोष्ट सांगायची. आधी नीट समजून घ्यायची, लिहून काढायची आणि मगच तोंड उघडायचं. आज फक्त नावं नोंदवायची, समितीपुढे सुनावणी तीन आठवड्यांनी आहे. एकेका जोडीला पाच मिनिटं."

चिठ्ठ्या काढता काढता बाईंची नजर त्या दोन पासांवर गेली. "तुमची चिठ्ठी कशाला काढू? फाटकावरच्या यंत्राने लावलीच आहे की जोडी." सगळे हसले. तिचे कान तापले आणि त्याने पुन्हा एकदा ती फाइल पुसली. ती कधीच कोरडी झाली होती.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बहीण परदेशी इस्पितळात नोकरीला होती, तिची नऊ वर्षांची मुलगी ह्याच्याकडे वाढत होती. त्यामुळे शाळेच्या फाटकावर लहानथोर सगळे त्याला मामा म्हणायचे.

"पण मी काय म्हणू तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी शाळेबाहेरच्या बाकावर वही उघडून बसताना तिने विचारलं.

"मामा सोडून काहीही म्हणा."

"का बरं?"

"असंच... नात्यात उगाच घोळ नको."

तिने मान वहीत घातली. हसू दडवायला वही फार उपयोगी पडते.

मग रोज शाळा सुटायच्या आधी पंधरा मिनिटं ते बाक त्यांचं झालं. आधी त्याच्या भाचीची गोष्ट. तो तिला वाघीण म्हणायचा. वाघिणीने वर्गातल्या तिघांना बोचकारलं होतं, एकाची वही फाडली होती. गप्पांच्या ताईंनी तिला न रागावता एक कागद दिला आणि म्हणाल्या, ज्याचा राग येतो त्याचं नाव लिही. वाघिणीने पानभर एकच शब्द लिहिला होता, आई. तेव्हापासून दर आठवड्याला ती त्या खोलीत बसून आईला पत्र लिहायची आणि बोचकारणं थांबलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं, ती आईवर रागावली आहे ते?" तिने विचारलं.

"छे! मला वाटायचं तिला नखं कापून हवीत," तो म्हणाला. दोघंही हसले.

चिंगीची गोष्ट सांगायची पाळी आली तेव्हा मात्र तिचे शब्द अडायला लागले. डबा, कुलूपबंद दार, हाका... "मी काय नाही केलं? रागावले, विनवलं, लाच दिली. दार ठोठावून ठोठावून हात दुखले माझे."

त्याने खिशातला पाना काढून उगाच हातात फिरवला. "आमच्याकडे लिफ्ट अडकते ना, तेव्हा बाहेरचे लोक दार उचकटायला धावतात. सगळ्यात वाईट तेच. आतला माणूस आणखी घाबरतो. मी गेलो की आधी दाराला तोंड लावून विचारतो, आत कोण आहे? नाव सांगितलं की निम्मं काम झालं. मग जेवलात का, कुठे निघाला होतात, असं बोलत राहायचं. दार नंतर."

दोन वर्षं आपण दार उचकटत होतो, हे तिला कुणी इतक्या साध्या भाषेत सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी चिंगीच्या बंद दाराबाहेर ती जमिनीवर बसली आणि दार न वाजवता दुकानातल्या एका म्हाताऱ्याची गंमत सांगत राहिली. तो आपला चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधत होता म्हणे. दार उघडलं नाही. पण आतून बारीक खुदकन आवाज आला. तेवढ्यावर ती रात्रभर शांत झोपली.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना तिच्या लक्षात आलं, की तो वही हात लांब करून वाचतो. तिने त्याला धरून दुकानात आणलं. डोळे तपासायची खोली अंधारी, समोर तेवढा अक्षरांचा तक्ता उजळलेला.

"शेवटची ओळ वाचा."

"शेवटची ओळ... आहे तिथे?"

"अहो, लांबचं तरी नीट बघा!"

"मला जवळचं दिसत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?" अंधारात त्याचा आवाज मिश्कील होता. "आता फार जवळ उभ्या आहात. मला काय दिसणार?"

ती एक पाऊल मागे सरकली. अर्धंच सरकली म्हणा. मग त्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलता बदलता, कसं कोण जाणे, तिने त्याला ते सांगून टाकलं. गेल्या हिवाळ्यात चिंगी गप्पांच्या खोलीत एक वाक्य बोलली होती. अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी कधीही येऊ नये असं वाक्य, जगणंच नकोसं झाल्याचं. ताईंनी चिंगीला विचारून आईला बोलावून घेतलं आणि चिंगीने ते आईसमोर पुन्हा म्हटलं. त्या दिवसापासून उपचार सुरू झाले, सगळं सावरायला लागलं. ते वाक्य चिंगीचं आहे, म्हणून आपणही इथे ते लिहायला नको.

त्याचा हात अंधारात चाचपडत आला आणि तिच्या हातावर थांबला. तिने हात काढून घेतला नाही.

"हे सांगायचं आहे का समितीपुढे?" त्याने विचारलं.

"लागलंच तर सांगा," ती म्हणाली. "खोली वाचत असेल तर सांगा."

सुनावणीच्या दिवशी ती पहाटेपासून धावपळीत होती. दुकानातून दोन तयार चष्मे घेतले, एक त्याचा, एक गणिताच्या बाईंचा. दोन्ही डब्या तपकिरी. घाईघाईत ज्याच्या त्याला दिल्या आणि समितीच्या खोलीत मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

पाळी आली. आधी ती बोलली, वाघिणीची गोष्ट. पानभर लिहिलेल्या 'आई'पाशी पोचली तेव्हा कागद चाळणारे दोन आमदार थांबले. मग तो उठला. त्याने ऐटीत नवा चष्मा चढवला, वही उघडली आणि... वहीत बघतच राहिला. पान जवळ नेलं, लांब नेलं. त्याच क्षणी पलीकडून गणिताच्या बाईंची कुजबुज आली, "अगं, हा कसला चष्मा केलास? मला अध्यक्षबाई दोन-दोन दिसतायत!"

दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या बाईने डब्यांची अदलाबदल केली होती.

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि वही मिटली. "लिहून आणलं होतं, पण आता वाचता येत नाही," तो म्हणाला. "तर सांगतो तसंच." आणि त्याने चिंगी सांगितली. कागदावर होती त्याहून जास्त. डब्याची किती घासांपासून सुरुवात झाली ते. ती मुलगी चिमण्यांसाठी पोळीचा कोपरा वेगळा ठेवते आणि मग हळूच स्वतःच खाते ते. बंद दाराबाहेर बसून तिची आई दुकानातल्या गमती सांगते ते. हे काही वहीत नव्हतं. ते त्याला केव्हा कळलं आणि त्याने केव्हा लक्षात ठेवलं, हे तिलाही माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

समितीच्या अध्यक्षबाई कडक होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऐकायला छान आहे हो. पण डबा खाणं, न खाणं... सगळ्याच मुलांचं असतं. त्या खोलीवाचून खरंच काही अडलं असतं का?"

ती खुर्चीच्या कडेवर आली. सांगा. आता सांगा. एका वाक्याचं तर काम होतं.

"अडलं असतं," तो म्हणाला. "त्या खोलीत ती मुलगी एक वाक्य बोलली आहे. ते ऐकलंत तर तुम्ही आत्ता सही कराल."

"मग सांगा की."

तो थांबला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

"नाही सांगता येणार, बाई. ते तिचं आहे. इथलं बाहेर जाणार नाही, असं सांगूनच त्या खोलीत मुलांना बसवतात. मी ते इथे दहा जणांसमोर बोललो, तर तुम्ही बंद करायच्या आधी ती खोली मीच बंद केली, असं होईल."

पाच मिनिटं संपली.

ओसरीत त्याने तिला गाठलं. "तुम्ही रागावलात."

"रागावले? एका वाक्यावर होतं सगळं! मी परवानगी दिली होती तुम्हाला!"

"तुम्ही दिली होती," तो हलकेच म्हणाला. "तिने नाही."

ती तरातरा फाटकाशी गेली. रक्षकाने ओळखलं. "आज एकट्याच? जोडीदार कुठे?"

"आज फोटो बरोबर आहेत," ती म्हणाली आणि पावसात छत्री न उघडताच निघून गेली.

संध्याकाळी जेवताना चिंगी पानाकडे बघत होती. आजची सुनावणी तिलाही माहीत होती.

"आई... तिथे ते सांगितलं का?"

तिचा हात थांबला. "कोणतं?"

"ते. माझं."

"नाही," ती म्हणाली. "मामांनी नाही सांगितलं. त्यांना विचारलंसुद्धा, तरी नाही."

चिंगीने पोळीचा मोठा तुकडा तोडला. "मला वाटलं, सगळ्यांना कळलं असेल. मी उद्या गप्पांच्या खोलीत जाणारच नव्हते, कधीच." तिने घास तोंडात घातला. "आता जाईन."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून मनसोक्त रडली. तिने परवानगी दिली होती. आईने! खोली वाचवायच्या नादात आपण त्या खोलीचं दारच उचकटायला निघालो होतो, आणि ज्या माणसाने ते धरून ठेवलं त्याच्यावरच डाफरून आलो. लोकांना दिसत नाही ते आपल्याला दिसतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर, चिंगीला बरोबर घेऊन ती बाजारपेठेतल्या एका कार्यालयाच्या इमारतीत गेली. तो तिथे कामावर आहे, असं वाघिणीकडून कळलं होतं. हातात तपकिरी डबी होती. गणिताच्या बाईंकडून ती परत आणताना दोन टोमणेही पदरात पडले होते. तळमजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी होती, दार मिटलेलं आणि आतून ठकठक आवाज येत होता. चिंगी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

तिने दाराला तोंड लावलं. "आत कोण आहे?"

ठकठक थांबली. आतून, "मी."

"जेवलात का?"

"नाही."

"कुठे निघाला होतात?"

"निघालो होतो... काल संध्याकाळपासून एका दुकानाकडे निघालोय. पाय उचलत नव्हता."

तिने कपाळ थंड पत्र्याला टेकवलं. "माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं. चष्म्याचंही माझंच चुकलं."

"चष्म्याचं बरं झालं," तो म्हणाला. "वाचून दाखवलं असतं तर काहीतरी राहिलं असतं."

"खोली गेली तर?"

"तर पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ. पुढच्या वर्षी पुन्हा. मी आहे ना."

समितीचा निर्णय यायला अजून नऊ दिवस होते. निर्णय आला तो असा, की आठवड्याचे दोन्ही दिवस कायम, पण एकाच वर्षापुरते. पुढच्या वर्षी पुन्हा रांग, पुन्हा पास, पुन्हा पाच मिनिटं. पण त्या दुपारी ह्यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि तरीही तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"एक सांगू?" दाराबाहेरून ती म्हणाली. दार मध्ये असलं की बोलायला सोपं जातं. "तुमच्या फोटोचा तो पास मी परत केलाच नाही. फाटकावर मागितला, तर हरवला म्हणून सांगितलं. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे... रोज काढून बघते."

आतून काहीतरी खणकन खाली पडलं. बहुतेक पाना. मग कुलपाची किल्ली फिरली, दाराच्या दोन फळ्या हळूहळू बाजूला झाल्या. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस, असा तो समोर उभा होता.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मिटलेल्या डोळ्यांपासून. मला... तुम्हा दोघींच्या घरी यायचंय. नेहमीसाठी. चालेल का?"

"चालेल," ती म्हणाली. तिला एवढ्या चटकन म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. "दिली परवानगी."

तो हसला नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडे, जिन्याकडे पाहत त्याने विचारलं, "तुम्ही दिली. आणि तिने?"

ती वळली. चिंगी पायरीवर मांडीत डबा उघडून बसली होती. डबा रिकामा होता. उरलेला शेवटचा घास तिच्या तोंडात होता, गाल फुगलेला. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. आईचीच लेक, नंबर काढल्यासारखं पाहिलं. मग घास सावकाश चावला, गिळला, हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं.

"दिली," चिंगी म्हणाली.